ओमानचा फलज, पाण्याची पाळी आणि आपल्या ओटीतली खारीक

ओमानहून पिढ्यान्‌पिढ्या भारतात येणारी खारीक म्हणजे नुसता उन्हात सुकवलेला खजूर नव्हे. ‘मबसली’ जातीचे घड पिवळेधमक पण करकरीत असतानाच उतरवतात आणि तांब्याच्या भल्यामोठ्या कढयांत पंधरा-वीस मिनिटं उकळतात. मग आठवडाभर उन्हात वाळवतात. उकळल्यामुळे फळाचं पिकणं तिथेच थांबतं, तुरटपणा जातो आणि खारीक टणक होऊन टिकते. या कामाला तिकडे ‘तबसील’ म्हणतात. ते ऐन उन्हाळ्यात, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, तेही कढईसमोर उभं राहून करायचं.

मस्कतला वर्षाला सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि खजुरीचं झाड पाण्याला हावरट. मग या बागा शेकडो वर्षं जगल्या कशा? उत्तर आहे ‘फलज’, म्हणजे डोंगराकडचं पाणी नुसत्या उताराने गावापर्यंत आणणारा कालवा. 1990च्या दशकाच्या शेवटी झालेल्या मोजणीत देशात 4,112 फलज सापडले, त्यातले 3,017 वाहते होते. त्यातल्या पाचांना 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. तेव्हापासून पर्यटक फोटो काढतात तो बाहेरचा पाट. खरा फलज जमिनीखाली आणि गावाच्या हिशेबात असतो.

‘दाऊदी’, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्याचा फलज असा खणतात. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर घ्यायची, ती ‘उम्म’, म्हणजे आई. तिथून गावापर्यंत जमिनीखाली बोगदा. उतार अगदी नावापुरता: जास्त दिला तर पाणी माती खरवडतं आणि छत बसतं, कमी दिला तर गाळ साचतो. माती वर काढायला आणि हवा खेळायला ठरावीक अंतरावर उभी भोकं. वाटेत वादी, म्हणजे कोरडी नदी, आडवी आली तर पाणी एका बाजूच्या विहिरीसारख्या खड्ड्यात सोडतात, पात्राखालून नेतात आणि पलीकडच्या खड्ड्यातून वर काढतात. पलीकडचं तोंड किंचित खाली ठेवलं की झालं. आतून लेप ‘सारूज’चा, म्हणजे भाजलेल्या मातीच्या चुन्यासारख्या मसाल्याचा. डागडुजीतली एक चूक फार महागात पडते. वरच्या टप्प्यात पाणी झिरपून बोगद्यात येतं, तिथे अस्तर करायचं नसतं. अस्तर हवं ते खालच्या, पाणी नुसतं वाहून नेणाऱ्या टप्प्यात. सगळीकडे सरसकट सिमेंट ओतलं की आईच आटते.

बोगदा उजेडात येतो तिथलं पहिलं पाणी पिण्याचं. त्याखाली मशिदीचं, अंघोळीचं, मृताला स्नान घालायचं, आणि मग बागा. बागांतही आधी खजूर, लिंबू, आंबा ही कायमची झाडं, आणि सगळ्यात शेवटी हंगामी पिकांचे तुकडे. दुष्काळात हे शेवटचे तुकडे पडीक टाकतात, खजुरीला हात लावत नाहीत. धान्य पुढच्या वर्षी परत पेरता येतं, पण मेलेल्या खजुरीच्या जागी नवी फळायला चार-पाच वर्षं लागतात.

मला या व्यवस्थेतला सगळ्यात हुशार भाग वाटतो तो वाटपाचा. फलजाला तोटी नाही, पाणी दिवसरात्र वाहतंच. त्यामुळे मालकी लिटरची नसते, वेळेची असते. बहुतेक ठिकाणी एक ‘अथर’ म्हणजे अर्धा तास, चोवीस अथर म्हणजे एक ‘बद्दा’, बारा तास. पाळीचा फेरा दहा दिवसांचा असेल तर एकूण 480 अथर. कुणाकडे दोन, कुणाकडे वीस; ते विकता येतात, भाड्याने देता येतात, वारसाने मिळतात. पाऊस हुकला की धार बारीक होते, पण अथर तेवढेच राहतात. म्हणजे टंचाई आपोआप त्याच प्रमाणात सगळ्यांच्या वाट्याला येते, त्यासाठी वेगळी बैठक बोलवावी लागत नाही. पूर्वी दिवसा काठीची सावली आणि जमिनीतले दगड, रात्री ठरलेले तारे बघून ‘अरीफ’, म्हणजे वाटप सांभाळणारा माणूस, पाळी बदलायचा. आता मनगटावर घड्याळ असतं. दारं धरायची पद्धत मात्र आपल्या पाटकऱ्याला बघताक्षणी कळेल: दगडाची फळी आणि फटीत कोंबलेल्या चिंध्या.

काही अथर खुद्द फलजाच्या नावावर असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढतात. दुरुस्तीचा पैसा पाण्यातूनच येतो, हे फार महत्त्वाचं.

1967 साली ओमानचं तेल निर्यात होऊ लागलं, 1970 साली सुलतान काबूस गादीवर आले. रस्ते, शाळा, दवाखाने आले आणि डिझेल पंपही आले. बोअर घेणाऱ्याला ना पाळी, ना लिलाव, ना गाळ. तो मध्यरात्रीही पंप चालवू शकतो. भूजलाची पातळी फलजाच्या बोगद्याखाली गेली की फलज कोरडा. बोगदा खोल करा म्हणणारे भेटतात, पण मग त्याचं तोंडही खाली जातं आणि शेतं वर राहतात. आईविहीर डोंगराकडे मागे सरकवता येते, तीही एका मर्यादेपर्यंतच. त्यात जाणते खणणारे कमी झाले. तरुण सरकारी नोकरीत, बागेत परदेशी मजूर.

बातिना किनाऱ्यावर तर फलज कमी, विहिरी जास्त. तिथे ‘झिजरा’ चालायचा, म्हणजे आपली मोटच. बैल दमतो, म्हणून उपशाला आपोआप लगाम होता. पंप दमत नाही. गोडं पाणी संपलं तिथे समुद्राचं पाणी जमिनीखालून आत शिरलं आणि किनाऱ्यालगतच्या बागा खारवल्या. 1988 साली शाही फर्मानाने भूजल राष्ट्राच्या मालकीचं ठरवलं, विहिरींवर परवाने आले. त्याआधी 1985 साली मस्कतजवळ वादी अल-खौदवर पुनर्भरणाचं धरण झालं. पुराचं पाणी अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, निवळ पाणी हळूहळू खाली सोडून जिरवायचं. कल्पना चोख, पण गाळ वेळेवर उपसला नाही तर तळ लिंपल्यासारखा होतो आणि पाणी तिथेच उभं राहून वाफ होतं.

फलज वाचवायचा म्हणून काही ठिकाणी त्याच्याच तोंडाशी बोअर मारून पाटात पाणी सोडतात. खजूर जगतो, फोटोही छान येतो. पण धार आता पंपाच्या वेळेवर चालते, आणि पंप बंद असताना ज्याची पाळी येते, त्याच्या अथरचं करायचं काय?