ऊसतोडणी: शून्य

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक किलो साखरेचा हिशोब मांडत होते. भावाचा नव्हे, जीवनचक्राचा. शेतापासून कारखान्याच्या गेटपर्यंत काय काय खर्ची पडलं आणि हवेत किती कार्बन गेला, हे एक्सेलमध्ये भरायचं. युरिया झाला, पंपाची वीज झाली. मग आली तोडणी. हार्वेस्टरने तोडला तर डिझेल धरायचं. कोयत्याने तोडून टायरगाडीने नेला तर? शून्य. "बैलांचा मिथेन तेवढा धर," शेजारचा सहकारी म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता, पद्धतच तशी आहे.

म्हणजे नवरा-बायको मिळून 'एक कोयता', मुकादमाची उचल अंगावर, पहाटे अंधारात थंडगार पाचटात उतरायचं, एक खाडा झाला की पैसे कापले जाणार, हे सगळं शीटमध्ये सर्वांत 'स्वच्छ' ठरतं! 2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. 82 हजारांहून जास्त बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. ही ओळ कुठे भरू?

शिवाय बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, बॉयलर चालतो, वीज विकली जाते, त्याचं श्रेय साखरेला मिळतं. आकडा आणखी गोड.

पाण्याचा रकाना आहे म्हणा. महाराष्ट्रात किलोभर साखरेमागे 2,000 लिटरच्या वर पाणी जातं. पण कोल्हापूरचा लिटर आणि लातूरचा लिटर तिथे एकाच भावाने मांडतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि ऊस तर त्याही भागात होतो. जिथे पाणी कमी तिथला लिटर जड धरायचा, असा टंचाईचा गुणक लावायची सोय आहे. ग्राहक मागत नाही, म्हणून कुणी लावत नाही.

"माणसाचं दुःख किलोमागे कसं मोजणार?" असं विचारतात. नका ना मोजू! त्याचे रुपये करायला तर माझा सक्त विरोध आहे, एकदा किंमत लावली की कुणीतरी ती भरून मोकळं होईल. पण कामाचे तास, उचल, खाड्याची कपात, मजुरांच्या तळावर संडास आहे की नाही, हे कार्बनच्या शेजारी लिहायला काय हरकत आहे? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सामाजिक मूल्यमापनाची मार्गदर्शिका 2009 मध्येच काढली आहे.

मी शीटमध्ये 'कोयते' अशी एक ओळ घातली आहे. अजून रिकामीच आहे. युरियाचं बिल मेलवर लगेच आलं, मुकादमाची वही मात्र कुणी दाखवायला तयार नाही.