खुलासा: ज्येष्ठांच्या नैराश्याच्या गोळ्यांबद्दल
‘म्हातारपणी उदास वाटायचंच; नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते, बरं वाटताच बंद करा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही (झोपेच्या काही गोळ्यांचं लागतं). मात्र एकदम थांबवल्या तर गरगरतं, झोप उडते. म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करतात. ज्येष्ठांना सुरुवात सहसा ५ मिलिग्रॅमने होते. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान ६ महिने गोळी चालू ठेवतात. सोबत लघवी होण्याची गोळी असेल तर रक्तातलं सोडियम तपासायलाच हवं. ते घटलं की तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो.

ज्येष्ठांचं नैराश्य ‘अन्न जात नाही, अंग दुखतं’ अशा तक्रारींतूनही दिसतं; हे २ आठवडे चाललं, तर आरोग्य केंद्रात दाखवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) मोफत आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.