'स्टेरॉइड आजच बंद करा' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

शुक्रवार पेठेतल्या आमच्या मामांनी हा फॉरवर्ड वाचला आणि कोलायटिसच्या स्टेरॉइड गोळ्या परस्पर बंद केल्या. तालमीच्या ग्रुपवरही तोच फिरतोय, म्हणून लिहितोय.

पहिला दावा: कोलायटिससारखा, आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार तरुणांचा, साठीनंतर शौचातून रक्त पडलं तर ती मूळव्याधच. साफ खोटं. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालेलं मार्गदर्शन सांगतं, की या आजाराचे 15 टक्क्यांपर्यंत नवे रुग्ण साठी ओलांडलेले असतात. शिवाय या वयात रक्त पडण्यामागे कर्करोग असू शकतो, आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडलेला असू शकतो. आपल्याकडे आतड्याचा टीबीही क्रोन्ससारखाच (आतड्याच्या सुजेचा याच जातीचा दुसरा आजार) दिसतो. म्हणून दुर्बीण घालून तुकडा तपासायला घेतात. 'कोलोनोस्कोपी म्हणजे धंदा' याला एवढं उत्तर पुरे.

खरा संताप येतो तो पुढच्या ओळीचा: 'स्टेरॉइड विष आहे, आजच बंद करा.' अहो, प्रेडनिसोलोन, म्हणजे हेच स्टेरॉइड, काही आठवडे पोटात गेलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी करतात. गोळी एकदम तोडली तर शरीराकडे दोन्ही नसतं. बीपी घसरतं, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. मामांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी 40, 35, 30 असे आठवड्यागणिक उतरते आकडे लिहून दिलेत, ते याचसाठी. गोळी सोडल्यावर मामांना उठताना चक्कर यायला लागली, जेवणावरची वासना उडाली. मामी म्हणाल्या, उन्हाचं असेल.

एक मात्र मान्य करावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला स्टेरॉइड वर्षानुवर्षं देऊ नये. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. आजार आटोक्यात ठेवायला ते वापरू नये, असं तेच मार्गदर्शन म्हणतं. पण त्यावर इलाज दुसरं औषध सुरू करून हळूहळू उतरवण्याचा आहे, आणि तो डॉक्टरांनी करायचा.

गोळ्यांऐवजी हळद आणि ताक घ्या, असंही फॉरवर्ड म्हणतो. हळदीचं म्हणाल, तर 2015 च्या एका छोट्या अभ्यासात हळदीतल्या कर्क्युमिनचा फायदा दिसला होता. पण ते मेसालामीन हे आतड्याची सूज उतरवणारं नेहमीचं औषध चालू ठेवून, वरून दिलं होतं. फॉरवर्डवाल्यानं नेमकं तेवढंच गाळलंय. ताक सोसत असेल तर प्या, आजार त्यानं जात नाही.

घरात कुणी अशी गोळी तोडली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. उलट्या, चक्कर, ग्लानी असेल तर थेट दवाखाना गाठा आणि 'स्टेरॉइड चालू होतं, मध्येच बंद केलं' हे आधी सांगा.