लिही गं, एकशे दोन!

नाशकात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर परवा मोफत हृदय तपासणी शिबिर होतं. फुकटच्या कामात मानपान नसतो, हे मला मान्य आहे. पण टेप धरलेल्या मुलाने माझ्या पोटाचा घेर वहीवाल्या मुलीला ज्या आवाजात सांगितला, त्या आवाजात रामकुंडावर हरवलेलं माणूस परत आलं असतं. "लिही गं, काकांचं एकशे दोन!" ट्रॅकवरची चाल मंदावली. काही मंडळी तर उलटी फिरून बघून गेली. आणि वर ते 'काका'.

बरं, नीट तरी मोजावं! टेप शर्टावरून, पट्ट्याला लागून, मागच्या बाजूने चार बोटं घसरलेली. खरी रीत अशी: सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोबर मधोमध, उघड्या अंगावर टेप धरायची. ती जमिनीला समांतर हवी, कातडीला टेकलेली हवी पण रुतलेली नको. आकडा वाचायचा तो सहज श्वास सोडल्यावर. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ धरतात. वजनकाटा सगळंच मोजतो. टेप मात्र आतड्यांभोवती आणि यकृतात साठणाऱ्या चरबीचा अंदाज देते. ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी, शिवाय साखर आणि बीपी चढवणारी हीच ती चरबी.

माझ्या मागे तात्या होते. ते नक्की कोणाचे तात्या, हे ट्रॅकवर कोणालाच ठाऊक नाही.

"साहेब, श्वास सोडलात ना? तिथेच घाण झाली," ते म्हणाले. "आता मला बघा."

तात्यांनी दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि अख्खं पोट बरगड्यांच्या आत नेऊन ठेवलं. टेपवाला पोरगा दचकला. बघ्यांपैकी कोणीतरी "वा!" म्हटलं. "अठ्ठ्याऐंशी!" तात्यांनी हवा सोडली आणि शर्टाचं एक बटण कामावरून गेलं.

"लग्नापासून पँट चौतीसच लागते मला," ते अभिमानाने म्हणाले. लागणारच. पँट पोटावर नसते, पोटाखाली असते. पोट पुढे आलं की पट्टा खाली उतरतो आणि शिंपी तोच नंबर कापत राहतो. पँटच्या नंबरावर हृदयाचा हिशेब मांडणारे बरेच लोक असेच फसतात.

"आणि हार्टचं म्हणाल तर माझं सगळं सांभाळलेलं आहे. पहाटे लसणाची पाकळी, दुधीचा रस आणि घरात फक्त सैंधव."

सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, म्हणजे साधं मीठच, फक्त रंगाने गुलाबी. बहुतेकदा त्यात आयोडीनही नसतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ही मर्यादा सगळ्या मिठाची मिळून असते. लोणचं, पापड, फरसाण, पाव, सगळं त्यातच. दुधीचं तर मी हात जोडून सांगितलं: रस काढायच्या आधी कच्ची फोड जिभेवर ठेवा आणि कडू लागली तर अख्खा दुधी फेका. कडू दुधीतल्या कुकुर्बिटासिन नावाच्या विषामुळे रक्ताच्या उलट्या होतात, बीपी कोसळतं. माणसं दवाखान्यात पोचलीत, काही परतलेली नाहीत. त्यापेक्षा भाजी करा, चोथा तरी पोटात जाईल.

"भाजी कोण खातं?" तात्या म्हणाले. "आम्ही चालून झालं की गंगापूर रोडला मिसळ खातो. मटकी आहे ना, प्रोटीन!"

इथे माझं डोकं फिरलं, कारण माणूस अर्धा बरोबर होता. मोड आलेली मटकी उत्तमच. तिच्यात प्रथिनं आहेत आणि चोथा आहे. पण मटकी असते वाटीच्या तळाशी, आणि तिच्यावर बाकीचं सगळं गाव वसलेलं असतं. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, साधारण १२० कॅलरी देतं. तर्रीचे असे दोन चमचे झाले की २४०. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालून जाळतो १३०-१४०. म्हणजे नुसत्या तर्रीसाठी तासभर चालायचं, पाव आणि शेव अजून उधारीवरच. शिवाय आपल्याकडे रस्सा पुन्हा मागितला की फुकट. बाजारचं फरसाण बऱ्याचदा पामतेलात तळतात आणि त्या तेलातली निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी.

मिसळ सोडा असं मी म्हणत नाही. नाशकात राहून तसं म्हणणाऱ्याला घर भाड्याने मिळणार नाही. घरी करा, फोडणीचं तेल मोजून घाला, मटकी दुप्पट आणि शेव चिमटीने. स्वयंपाकाच्या तेलाचा ठोकताळा माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात दोन पाकिटं. पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख टाकायची. विसाव्या दिवशीच तिसरं फुटलं तर चोर घरातच आहे. आणि पाकिटावर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून जादा पैसे मोजू नका. शेंगदाण्याला कोलेस्टेरॉल कधीच नव्हतं.

मग तात्यांचं बीपी घेतलं. आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर सपाट, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. यातलं एकही पाळलं गेलं नाही. तात्या चालून आलेले, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा आवळलेला आणि तोंड अखंड मिसळीवर चालू. आकडा आला १६८/९६.

"मशीन बिघडलंय," तात्या म्हणाले.

"गोळी चालू आहे का, आजोबा?" मुलीने विचारलं.

"आहे ना. डोकं दुखेल त्या दिवशी घेतो. उगाच सवय कशाला लावायची?"

हे ऐकून मात्र हसू येईना. बीपी दुखत नाही. वर्षानुवर्षं चढलेलं असतं आणि तरी दुखत नाही. तेवढ्या काळात हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंड झिजतं. गोळी रोज, ठरल्या वेळी घेतली तरच ती काम करते, आणि बंद करायची तर डॉक्टरांना विचारून. हे त्या माणसाला समोर बसवून सांगायला, थोडं थांबवून बीपी पुन्हा घ्यायला शिबिरात एका माणसाला वेळ असू नये? त्याच्या हातात एक रंगीत पत्रक दिलं, 'ताणतणाव टाळा'. सोबत क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. पुड्यावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. त्यावर पहिले तीन होते मैदा, साखर आणि पामतेल. हृदयाच्या शिबिरात!

मी तात्यांना गोळीचं सांगायला लागलो, तर ते मुलीला म्हणाले, "थांब, मशीनचं आत्ता कळेल. यांचं घेऊन बघ."

मी पाठ टेकून, पाय सपाट ठेवून, तोंड मिटून बसलो. १२६/८०.

"बघा आजोबा, मशीन ठीक आहे," मुलगी म्हणाली.

"ठीक कसलं?" तात्यांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. "एवढ्याला एकशे सव्वीस? बिघडलंच आहे ते."