चालत आलात म्हणजे वेळ आहे

काल रात्री मला हॉस्पिटलने घरी पाठवलं. पोटासकट. ज्या कामासाठी गेले होते ते काम आतल्या आत तसंच घेऊन परत आले आणि आता डाव्या कुशीवर पडून एका बोटाने हे टाइप करतेय, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर गपगुमान वाचा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. पहिलंच आहे, दिवस भरत आलेत, आणि काल संध्याकाळपासून पोट कडक होऊन कंबरेतून पुढे दुखत यायचं, थांबायचं, परत यायचं. आईला फोन केला तर आई म्हणाली, "अगं, कळ आली की कळतं." सासूबाई म्हणाल्या, "अंगावर काढू नकोस, लगेच निघा." मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "लवकर गेलीस ना की तिथे नुसतं ताटकळत ठेवतात, जमेल तितकी घरीच थांब." तिघींचीही बाळंतपणं झालेली, तिघीही ठाम. तिन्ही सल्ले एकाच बाईने पाळायचे तर तिने गाडीत बसून बिल्डिंगभोवती चकरा मारत राहावं, दुसरं काय.

मग थेट लेबर रूमला फोन लावला. तिकडून एक झोपाळलेला आवाज म्हणाला, "तुम्हाला वाटलं तर या."

मला वाटलं तर! मला आयुष्यात हे कधी झालेलं नाहीये म्हणून तर मध्यरात्री फोन केला ना बाई. मला काय वाटायचंय? मला वाटतं हे सगळं थोडा वेळ दुसऱ्या कोणीतरी करावं.

इकडे नवऱ्याने मोबाईलमध्ये कळा मोजायचं ॲप उघडलं होतं. नियम तसा सोपा आहे, सगळीकडे लिहिलेला असतो, 5-1-1. म्हणजे दर 5 मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ 1 मिनिटाची, आणि हे असं 1 तास चाललं की निघायचं. पहिलटकरणीसाठी हा अंदाज ठीक असतो, दुसऱ्या खेपेला सगळं भराभर होतं म्हणून त्यांनी एवढी वाट बघायची नसते. तर माझी कळ आली की मी "आली" म्हणायचं, गेली की "गेली" म्हणायचं आणि त्याने बटण दाबायचं. थोड्या वेळाने ॲपने मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, निघा. निघालो. बॅग, फाईल, चार्जर, सगळं घेऊन, आणि मी मनातल्या मनात बाळाची नावं पक्की करत.

आणि गेटवर ते बसले होते.

हॉस्पिटलच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले काका. लाकडी टेबल, त्यावर रजिस्टर, रजिस्टरला दोरीने बांधलेलं पेन, आणि ते पेन चालत नाही. मी गाडीतून उतरले, कंबरेवर हात ठेवून हळूहळू टेबलापर्यंत आले, काकांनी मला चपलांपासून केसांपर्यंत एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले,

"डिलिव्हरी का?"

म्हटलं, "हो."

"पहिलंच?"

"हो."

"मग आहे वेळ."

आणि पेनाचं टोक तळहातावर घासायला लागले. मी म्हटलं, काका, आत सोडा, कळा येतायत. तर काका अत्यंत शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही चालत आलात. चालत आलेली बाई परत जाते. मी इथे बसून रोज बघतो. शिवाय तुमच्या केसांना क्लिप आहे."

क्लिपचा काय संबंध?

"खऱ्या कळा आलेली बाई क्लिप लावत बसत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. एखाद्याने म्हटलं असतं की अहो तुमचा काय संबंध, गेट उघडा. आमच्या ह्याने विचारलं, "अजून काय काय असतं?" म्हणजे त्याला उत्सुकता! काका खुलले. इतक्या रात्री त्यांना श्रोता कुठून मिळायला. खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, बाईकडे बघायचंच नाही साहेब, बाई ओरडते, नाही ओरडत, तिचा भरवसा नाही, बघायचं नवऱ्याकडे. नवरा बडबडत असेल तर वेळ आहे. नवरा एकदम गप्प झाला असेल ना, तर मी नावसुद्धा विचारत नाही, डायरेक्ट स्ट्रेचर. बरोबर आई आली असेल तर अर्धा तास आधीचं समजायचं, सासू आली असेल तर अर्धा तास उशिराचं. आणि बॅगेला कुलूप असेल तर ती माणसं सकाळी घरी.

आमच्या बॅगेला कुलूप होतं. नवऱ्याने हळूच हात ठेवून झाकलं.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काका, तुम्ही डॉक्टर आहात का, इथे एक बाई कळवळतेय आणि तुम्ही तिची परीक्षा घेताय, तुमच्या या रजिस्टरमध्ये... आणि तेवढ्यात कळ आली. वाक्य अर्धवट सोडून मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. काकांनी लगबगीने उठावं, खुर्ची द्यावी, निदान पाणी विचारावं की नाही? त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कळ जाईपर्यंत पाहत राहिले. मी श्वास सोडल्यावर म्हणाले,

"चाळीस सेकंद. कमी आहे."

नवरा म्हणाला, "ॲपमध्ये पण चाळीसच आलंय." दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की लग्न माझ्याशी झालंय की काकांशी, मला शंका आली.

मग काकांनी त्याचा मोबाईल मागून घेतला. चष्मा लावला. वर-खाली करून आकडे बघितले आणि विचारलं, "दोन कळांमधलं अंतर कुठून मोजलंत?" हा म्हणाला, एक संपली की तिथून पुढची सुरू होईपर्यंत. काकांनी जीभ टाळ्याला लावून च्च् केलं. "साहेब, सुरू झाल्यापासून सुरू होईपर्यंत मोजायचं असतं. म्हणजे तुमची प्रत्येक वेळी कळेएवढी खोट."

आणि हे बरोबर आहे हो! मी नंतर तपासलं. तसंच मोजतात. म्हणजे आमच्या जवळजवळ 6 मिनिटांवरच्या कळा या माणसाने 5 वर आणून ठेवल्या होत्या, आणि हे आमच्या निष्णात इंजिनिअरला कोणी सांगितलं तर गेटवरच्या काकांनी. मला राग आलाय तो काका चुकीचे होते म्हणून नाही आलेला. चुकीचे असते तर मी केव्हाच विसरले असते.

शेवटी त्यांनी जाताजाता मुख्य मुद्दा सांगितला. "ताई, खरी कळ असली ना की तिच्यात बोलता येत नाही. तुम्ही तर माझ्याशी भांडत होतात." म्हणजे भांडले तर खोटी, आणि नाही भांडले तर आत कोण सोडणार?

आतलं पटकन सांगते. सिस्टरनी पोटाला पट्टे बांधले, मशीन सुरू केलं, बाळाचे ठोके ऐकू यायला लागले, ते छान होते, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण कळा! इन्स्पेक्टर साहेब आले की वर्गातली सगळ्यात व्रात्य पोरं कशी हाताची घडी घालून बसतात, तशा बसल्या. कागदावर टेकाडंच उमटेनात. मग तपासणी झाली (तिच्याबद्दल काही लिहीत नाही, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये) आणि सिस्टर हातमोजे काढत म्हणाल्या, "पिशवीचं तोंड दोनच सेंटिमीटर उघडलंय. 10 व्हायला लागतात. घरी जा, फिरा, झोपा."

फिरा आणि झोपा. एकाच दमात.

घरी येऊन झोप कुठली, वाचत बसले. तर 1872 साली ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांनी या सरावाच्या, मधूनच येऊन जाणाऱ्या कळांचं वर्णन केलं, आणि तेव्हापासून त्यांना त्यांचंच नाव आहे. हजारो वर्षं बायकांना येतायत, नाव मिळालं ते ज्यांना त्या एकदाही आल्या नाहीत त्यांचं. असो. या कळा चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं, अंघोळ केली की बऱ्याचदा ओसरतात आणि खऱ्या कळा काहीही केलं तरी वाढतच जातात, असं सगळीकडे लिहिलंय. पण या दोन्हींच्या मधे एक तिसरा प्रकार असतो त्याबद्दल कोणी बोलत नाही. कळा खऱ्या असतात, तोंडही हळूहळू उघडत असतं, पण हा सुरुवातीचा टप्पा काही तास चालेल की दीड दिवस हे कोणालाच सांगता येत नाही. 1955 साली फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांनी 500 पहिलटकरणींच्या बाळंतपणांचा आलेख काढला आणि पुढे कित्येक वर्षं जगभरच्या लेबर रूममध्ये तासाला एक सेंटिमीटर या हिशोबाने बायका मोजल्या गेल्या. मग 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की हा हिशोब सरसकट सगळ्यांना लावू नका, आणि कळांचा जोराचा टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरा, त्याआधीच्या टप्प्याला किती वेळ लागावा याचं काही ठरलेलं माप नाही. हेच मला कोणी महिनाभर आधी, खुर्चीत बसवून सांगितलं असतं तर?

सिस्टरांचंही बरोबर आहे, हे मला कळतं. फार लवकर दाखल केलेल्या बायकांना पुढे सलाईनमधून कळा वाढवायचं औषध, मग सिझर, हे जास्त होताना दिसतं, आणि घरी आपल्या माणसांत, आपल्या अंधारात कळा बऱ्या चालतात. पटलं. पण मग ते असं सांगा ना! "लवकर आलात" हे ज्या सुरात सांगितलं जातं त्याला माझी हरकत आहे. जसं काही मी लग्नाला मुहूर्ताच्या आधी येऊन पहिल्या पंगतीला बसले. आणि हीच बाई उशिरा पोचली, गाडीत बाळंत झाली, की हेच लोक म्हणणार, "एवढं कसं कळलं नाही?" निर्णय घ्यायचा कोणी, तर ज्या बाईला त्या क्षणी स्वतःचं नाव आठवत नाही तिने, आणि त्यावर शेरा मारायचा मात्र प्रत्येकाने, गेटपासून लेबर रूमपर्यंत.

यातला खरा त्रासदायक भाग पुढे आहे. एकदा परत पाठवलेली बाई दुसऱ्यांदा जायला लाजते. मी आज दुपारी स्वतःला म्हणताना ऐकलं की बाळ जरा कमी हलतंय वाटतं, पण राहू दे, परत काका भेटतील. काका भेटतील म्हणून! मग मात्र मीच घाबरले, लेबर रूमला फोन लावला आणि सांगत असतानाच आतून अशी सणसणीत लाथ बसली, लागोपाठ, की सिस्टरना फोनवर माझा हुंकार ऐकू गेला. (या वेळच्या सिस्टर चांगल्या होत्या. म्हणाल्या, वाटलं कमी, तर दर वेळी फोन करा, आणि शंका राहिली तर सरळ या, मोजत बसू नका.) पाणी गेलं, पाण्याचा रंग हिरवट किंवा तपकिरी दिसला, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा 37 आठवडे भरायच्या आतच कळा सुरू झाल्या, तर 5-1-1 गेलं खड्ड्यात, ॲप बंद करायचं आणि निघायचं. क्लिप लावून निघा, कुलूप लावून निघा, नाचत निघा. हे बोर्डावर मोठ्या अक्षरांत का लिहीत नाहीत? आमच्या हॉस्पिटलच्या बोर्डावर काय आहे, तर 'कृपया शांतता राखा'. लेबर रूमच्या बाहेर.

हां, एक राहिलं. घरी यायला निघालो तेव्हा काकांनी रजिस्टरमध्ये बाहेर जायची वेळ टाकली, नवऱ्याला सही करायला लावली आणि मला म्हणाले, "या हं परत." मी वाकून पाहिलं, माझ्या नावापुढे 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता. एवढी रात्र, एवढ्या कळा, ती तपासणी. काकांनी लिहिलं होतं, 'चौकशी'.

आता परत पोट कडक व्हायला लागलंय, या वेळी बहुतेक मांड्यांपर्यंत जातंय, टाइप करताना मधेच थांबावं लागतंय. नवरा दारात उभा राहून विचारतोय, निघायचं का. त्याला सांगितलंय, मला बोलता येतंय तोवर विचारू नकोस, आणि बोलता येत नसेल तेव्हा तर अजिबातच विचारू नकोस, गाडी काढ. बॅगेचं कुलूप त्याने न सांगताच काढून ठेवलंय.