आण्णांचं बोलणं फोनला कधी कळणार?

मागच्या आठवड्यात आण्णांना फोन घ्यायला लातूरला गंजगोलाईत गेलो होतो. दुकानातला पोरगा अर्धा तास समजावून सांगत होता, यात एआय हाय, फोटोतला नको तो माणूस बोटाने काढता येतो, मेसेज आपोआप लिहून मिळतो. आण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "ह्येला माझं बोलणं कळतंय का?"

घरी येऊन बोलून लिहायचा माईक लावला. आण्णा म्हणाले, "सोयाबीन काढूलालोय, आवंदा भाव काय हाय बघ." फोनने 'आवंदा'चं (म्हणजे यंदाचं) 'आनंदा' केलं आणि 'काढूलालोय'चं (म्हणजे काढतोयचं) तर काय केलं ते वाचताच येईना. तीनदा सांगितलं. मग फोन बाजेवर ठेवून म्हणाले, तूच बघ बाबा. मला लई वाईट वाटलं.

2003 साली नोकिया 1100 आला तेव्हा त्यात टॉर्च होती, धूळ आत जाऊ नये असा किपॅड होता, घामेजल्या हातातून निसटू नये अशा कडा होत्या. कुणीतरी आपल्यासारख्या माणसाचा विचार करून तो फोन बनवला होता आणि जगात तो सुमारे 25 कोटी विकला गेला. रात्रीच्या लाईटीवर मोटार चालू करायला जाताना आण्णांच्या हातात तीच टॉर्च असायची. 2008 ला मायक्रोमॅक्सने महिनाभर स्टँडबाय चालणारी बॅटरी दिली, कारण गावात लाईटच नसायची. ह्याला मी कंपन्यांची स्पर्धा म्हणतो.

आता पण स्पर्धेचा फायदा होतोच, नाही असं नाही. ऑक्टोबर 2023 ला गुगलने आपल्या पिक्सेल 8 फोनला 7 वर्षं अपडेट देतो म्हणलं आणि साडेतीन महिन्यांतच सॅमसंगने आपल्या एस24 फोनला तेच दिलं. पण हे सगळं महागाच्या फोनला, आमच्याकडं दहा-बारा हजारातला फोन चालतो, त्याच्या वाट्याला यातलं कमीच येतं. त्याच एस24 मध्ये चालू कॉलचं भाषांतर आलं, सुरुवातीला 13 भाषा, त्यात हिंदी होती, मराठी नव्हती. ऑक्टोबर 2024 ला गुगलने जेमिनी लाईव्हसाठी, म्हणजे फोनमधल्या एआयशी तोंडानं बोलायच्या सोयीसाठी, हिंदीसोबत आणखी 8 भारतीय भाषा जाहीर केल्या, त्यात मराठी होती, ते वाचून मी खरंच खूश झालो होतो.

पण मराठी म्हणजे फक्त पुस्तकातली मराठी का? आमच्याकडं 'मी जेवण केलो' म्हणतात, 'काय करलालास' म्हणतात, आणि असं बोलणारी लाखो माणसं फोन विकत घेतात, रिचार्ज मारतात. ज्याला टाईप करता येत नाही त्यालाच आवाजाची गरज जास्त, आणि त्याचंच बोलणं फोनला कळत नाही. शिवारात रेंज जाते, म्हणून हे नेटशिवाय फोनमध्येच चाललं पाहिजे. पिक्सेल 8 प्रो मध्ये 2023 च्या डिसेंबरात फोनमध्येच चालणारं एआय आलंय, म्हणजे करता येतं.

कंपन्यांनी एकदा सोयाबीनच्या सीझनला लातूरच्या अडत बाजारात यावं, माणसांना विचारून, पैसे देऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं. पुढच्या लाँचला कॅमेऱ्याआधी ते दाखवा. आण्णांचा फोन अजून बाजेवरच पडलाय, भाव ते मलाच फोन लावून विचारतात, ते पण जुन्या बटनाच्या फोनवरून.