वर्गातली 'कल्टी'

काल शिक्षकांच्या खोलीत पुन्हा तोच विषय निघाला. 'लोड घेऊ नको', 'विषय हार्ड', 'कल्टी मारली' असले शब्द वर्गात बंद करा, कुणी बोललं तर वहीत शेरा द्या. मी विरोध केला. तास सुरू झाला आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे लिहितेय.

ही बंदी मी स्वतः घालून पाहिलेली आहे. नोकरीची पहिली वर्षं होती. फळ्याच्या कोपऱ्यात नको असलेल्या शब्दांची यादी असायची. आठ-दहा दिवसांत मागच्या बाकांवरून हात वर यायचे थांबले. घरात पुस्तकी मराठी बोलली जाते अशी चार-पाच मुलंच तेवढी उत्तरं देत राहिली. यादी मी पुसून टाकली.

पुढे एकदा विचारलं, उंच डोंगरावर पाणी कमी तापमानाला का उकळतं? शेवटच्या बाकावरचा, एरवी गप्प असणारा मुलगा उठला. "मॅडम, वर हवा कमी ना, मग पाण्यावर लोडच नाही. ते लगेच कल्टी मारतं." वर्ग हसला, तो खाली बसायला लागला. मी त्याला उभंच ठेवलं. वातावरणाचा दाब, बाष्प होऊन निसटणारं पाणी, सगळं त्याच्या त्या वाक्यात होतं! म्हटलं, "शंभर टक्के बरोबर. आता हेच पेपरात कसं लिहिशील?" तो अडखळला, पण वर्गाने मिळून वाक्य तयार केलं: उंचीवर वातावरणाचा दाब कमी असल्याने पाण्याचा उत्कलनांक कमी होतो. दोन्ही वाक्यं मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली.

सहकाऱ्यांची काळजी मला समजते. परीक्षेत, अर्जात, मुलाखतीत 'कल्टी' चालत नाही, आणि प्रमाण भाषा आली नाही तर नुकसान मुलांचंच. पण ती शिकवावी लागते. तोंड बंद करून ती कशी येणार? २०१३ साली लंडनच्या एका शाळेने अशीच बंद शब्दांची यादी लावली होती. वाक्याच्या सुरुवातीला 'बेसिकली' म्हणायलाही मनाई! आणि शब्दांचं तरी काय सांगावं? 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये 'मॉब' (जमाव) या इंग्रजी शब्दावर तक्रार केली होती. 'मोबिले वुल्गुस', म्हणजे चंचल जमाव, या लॅटिन शब्दांचं ते तोडकं रूप. आज तो शब्द कुणालाच खटकत नाही.

एका बाबतीत मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही. कुणाच्या रंगावरून, अंगावरून, बोबडेपणावरून पाडलेला शब्द वर्गात आला की तास तिथेच थांबतो. मग तो शब्द शुद्ध मराठीतला का असेना.

त्या मुलाने सहामाहीच्या पेपरात उत्कलनांकाचं उत्तर बिनचूक लिहिलं. वर्गात तो अजूनही 'लोड'च म्हणतो, आणि आता रोज हात वर करतो.